एका मुठीत दोन बिल्ले

"राजधानी पाहिल्याशिवाय माणसाला दोन गोष्टी कळत नाहीत. आपला देश केवढा आहे, आणि त्यात आपण केवढे आहोत."

खाडेसाहेबांच्या तोंडून हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी आदरानं मान हलवली होती. करमाळ्याहून सोलापुरात नोकरीला येऊन मला जेमतेम महिना झाला होता, आणि समोरच्या माणसानं दिल्ली पाच वेळा पाहिली होती. मी तेव्हा दौंडच्या पलीकडे गेलेलो नव्हतो. पुढे चार वर्षं त्यांच्या हाताखाली काढल्यावर कळलं, की या गृहस्थांना कुतुबमिनार कुणी बांधला हे खात्रीनं सांगता येत नाही. लाल किल्ल्यातल्या दरबाराचा उल्लेख ते 'आतला भाग' असा करत. मात्र लाल किल्ल्यासमोर टूरिस्ट बस कुठं उभी राहते, तिचं तोंड कुठल्या दिशेला असतं आणि तिचा हॉर्न दरवाज्याच्या आत किती पावलांपर्यंत ऐकू येतो, हे विचारलं असतं तर त्यांनी नकाशा काढून दिला असता. कुणी विचारत नसे.

खाडेसाहेब हे त्यांचं नाव नव्हे. ते आमच्या सूतगिरणीचे टाइमकीपर होते. कामगार गैरहजर राहिला की त्याच्या नावापुढे खाडा मांडायचा, हे त्यांचं काम. तीस-पस्तीस वर्षं ते त्यांनी इतक्या निष्ठेनं केलं, की कामगारांनी त्यांना तेच आडनाव देऊन टाकलं. नव्या माणसांना ते खरंच वाटे. दिवाळीला एका सूत व्यापाऱ्याकडून त्यांना त्याच नावानं भेटकार्ड येई. ते त्यांनी कधी दुरुस्त केलं नाही. त्यांना वर्षातून तेवढं एकच कार्ड येत असावं.

आमच्या मिलची पद्धत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गेटाशी एक मोठा लाकडी फळा होता. त्यावर खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला एक पितळी बिल्ला, नंबर कोरलेला. कामगारानं आत येताना आपला बिल्ला फळ्यावरून काढायचा आणि शेजारच्या पेटीत टाकायचा. सातचा भोंगा झाला की पेटी बंद. फळ्यावर जे बिल्ले लटकत राहिले, ते लोक आले नाहीत. खाडेसाहेब पेटीशेजारी खुर्ची टाकून बसत. डोळे मिटलेले असत. चेहऱ्यांकडे पाहून काही उपयोग नसतो, असं त्यांचं मत होतं. चेहरे खोटं बोलतात, पितळ बोलत नाही.

मी नवीन असताना एक कामगार भोंग्यानंतर दोन तासांनी ऑफिसात आला. हातात सूत, अंगावर कापूस.

"साहेब, म्या सकाळधरनं मशिनीवर हाय. बिल्ला तेवडा टाकायचा राह्यला बगा."

"खाडा पडला," खाडेसाहेब म्हणाले.

"आवं, पर म्या हितं हाय की!"

"बिल्ला नाही म्हणजे माणूस नाही."

"आन् मग ह्यो तुमच्याशी बोलतोय त्यो कोन?"

"ते मला माहीत नाही," खाडेसाहेब म्हणाले, आणि पान उलटलं.

यात त्यांना विनोद करायचा नव्हता. जगात किती माणसं आहेत याचा एकच विश्वासार्ह पुरावा त्यांच्या ओळखीचा होता, आणि तो त्या पेटीत होता.

या पद्धतीत एक भोक होतं, आणि सगळ्या मिलला ते ठाऊक होतं. मित्राला यायला जमलं नाही, तर दुसऱ्यानं जाता जाता त्याचाही बिल्ला काढून पेटीत टाकायचा. एका मुठीत दोन बिल्ले. मित्र तिकडे गावाला, लग्नाला किंवा नुसता झोपलेला, मस्टरवर हजर. खाडेसाहेबांचं खरं कौशल्य इथं होतं. एक बिल्ला पडल्याचा आवाज आणि दोन बिल्ले एकदम पडल्याचा आवाज त्यांना वेगळा ऐकू येई. मिटलेल्या डोळ्यांनी ते नुसतं "थांब" म्हणत. नियम ठरलेला होता: ज्याचा बिल्ला टाकला त्याचा खाडा, आणि ज्यानं टाकला त्याचाही.

एकदा करकंबच्या एका कामगाराला त्यांनी असा धरला. तो गयावया करत नव्हता, उलट त्यालाच नवल वाटत होतं.

"दोस्ताचा टाकला, साहेब. त्येची माय आजारी हाय, रातच्या गाडीनं गेलाय. दोस्ताचा न्हाय टाकायचा तर कुनाचा टाकायचा?"

"दोघांचा खाडा."

"मांडा की. त्येनं माजा दोनदा टाकलाय. तवा तुमास्नी ऐकू न्हाय आलं व्हय?"

तो गेला. खाडेसाहेबांनी दोन्ही खाडे मांडले. मग बऱ्याच वेळानं, दौत बंद करता करता, मला म्हणाले, "न सांगता टाकला असेल, की सांगून गेला असेल तो? टाक म्हणून?"

"कुणास ठाऊक," मी म्हणालो.

"न सांगता टाकला असणार," ते म्हणाले. असा विषय काढताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होतो, म्हणून लक्षात राहिलं.

त्यांच्या स्वतःच्या नावाचा बिल्ला नव्हता. टाइमकीपरची हजेरी कुणी घ्यायची, याचा विचार मिल सुरू करणाऱ्यांनी केलेला नव्हता. आम्हा क्लार्क लोकांची नावं मस्टरच्या शेवटच्या पानावर असत; खाडेसाहेबांचं तिथंही नव्हतं. ते येणार हे गृहीत होतं. आणीबाणीत सगळा देश एकाएकी वेळेवर यायला लागला आणि वरच्या ऑफिसातून वक्तशीरपणाबद्दल कुणाचा तरी गौरव करा असं पत्रक आलं, तेव्हाही कुणाला ते आठवले नाहीत. शाल एका खातेप्रमुखांना मिळाली. ते त्या दिवशी उशिरा आले होते, पण समारंभ त्यांच्यासाठी थांबवला होता.

मिलच्या वर्धापनदिनाचा एक मोठा फोटो मॅनेजरांच्या केबिनमध्ये होता. पुढच्या ओळीत खुर्च्या, खुर्च्यांवर पागोटी आणि हार, मागे चार ओळी कर्मचारी. त्यात खाडेसाहेब नाहीत. फोटोवाल्याशेजारी उभे राहून ते कोण कोण आलं नाही याची यादी करत होते.

आम्ही दोघं एकाच खानावळीत जेवत असू. ते एकटे होते. लग्न झालं होतं का, हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह आणि भिंतीवर मिलचं कॅलेंडर. खानावळ एका आक्कांची होती. त्या मूळच्या अक्कलकोटकडच्या. कानडीत चिडायच्या आणि मराठीत वाढायच्या. हात सढळ, लक्ष मात्र सगळं चुलीकडे. खाडेसाहेब कोपऱ्यातल्या पाटावर बसत. भाकरी संपली तर दुसरी मागत नसत. वाढणारा येईपर्यंत थांबत.

एका हिवाळ्यात त्यांना ताप आला. तीन दिवस ते खोलीत पडून होते; पेटीशी दुसरा एक क्लार्क बसला, चौकशी कुणी केली नाही. मी त्याच आठवड्यात गावाला गेलो होतो, त्यामुळं मलाही कळलं नाही. परत आल्यावर मी जेवायला गेलो तर ते आपल्या कोपऱ्यात होते, गालफडं बसलेली. आक्का भात घेऊन आल्या.

"येन री साहेब, काल आमटीत मीठ जास्त पडलं म्हणून सगळी ओरडली. तुमी तेवढे काही बोललं न्हाई. लई गुणाचं हाय बगा तुमी."

खाडेसाहेब म्हणाले, "चांगली होती आमटी."

बाहेर पडल्यावर चालता चालता त्यांनी मला सांगितलं, तसं ते मस्टरमधल्या चुकीबद्दल सांगत: "तीन दिवस. एकही खाडा मांडला गेला नाही."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "तुम्ही निरोप पाठवायचा की."

"निरोप पाठवला तर मग काय उपयोग," ते म्हणाले.

दिवाळीत मिल आठ दिवस बंद असे. कामगार आपापल्या गावी जात, आक्का अक्कलकोटला माहेरी जात आणि खानावळीला कुलूप लागे. आमच्या भागात दिवाळीइतका शांत काळ वर्षात दुसरा नव्हता, भोंगासुद्धा बंद. खाडेसाहेब दिल्लीला जात ते या आठ दिवसांत. धर्मशाळेत उतरायचं, एक दिवस टूरिस्ट बसनं दिल्ली पाहायची, आणि परत. दरवर्षी तीच बस, तीच ठिकाणं. मिलमध्ये सगळ्यांना याचं कौतुक होतं. "खाडेसाहेब दिल्लीला गेले," असं लोक एखादा शिष्टमंडळात गेला असल्यासारखं सांगत. काहींचा समज असा, की त्यांची तिकडे वर ओळख आहे.

नवव्या खेपेला मी त्यांच्याबरोबर गेलो. कारण दिल्ली नव्हतं. घरी करमाळ्यात त्या दिवाळीला मला एक मुलगी दाखवायचं ठरलं होतं. मुलीला माझी काही माहिती नव्हती, मला मुलीची नव्हती, आणि दोन्ही घरांना यात अडचण दिसत नव्हती. मी पत्र लिहिलं की साहेबांबरोबर कामानिमित्त दिल्लीला जावं लागतंय. वडलांनी ते पत्र गावात वाचून दाखवलं असं पुढे कळलं.

दौंड, मनमाड अशा गाड्या बदलत, दोन रात्री आणि त्यांच्या मधला एक न संपणारा दिवस काढून आम्ही पोहोचलो. वाटेत खाडेसाहेब फार बोलले नाहीत. त्यांनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून घेतली होती, आणि दोघांच्या दोन सोलापुरी चादरी. मी मात्र तयारीनं गेलो होतो. मिलच्या वाचनालयातून इतिहासाची दोन पुस्तकं आणून वाचली होती. त्यावरून माझा असा ग्रह झाला होता, की दिल्लीत जो कुणी राजा झाला त्यानं पहिलं काम म्हणजे आधीच्या राजाच्या शेजारी स्वतःची दिल्ली बांधली, आणि ती पुरी होईतो तो तरी मेला किंवा पैसे तरी संपले. प्रत्यक्ष पाहून मत बदलावं असं काही दिसलं नाही. नव्या दिल्लीतला तो रुंद रस्ता आणि टोकाचा तो प्रचंड महाल पाहिला, तेव्हा तो राहण्यासाठी नसून लांबून पाहणाऱ्याला लहान वाटावं म्हणून बांधलाय हे लगेच पटलं. खाडेसाहेबांचं वाक्य आठवलं. मी त्यांच्याकडे वळलो, तर ते महालाकडे पाठ करून बसकडे पाहत होते.

बसनं दिल्ली पाहिली तो दिवस भाऊबीजेचा होता. गाइड तरुण होता, बारीक मिशीचा, घाईतला. सकाळी बस सुटतानाच त्यानं सांगून टाकलं, "देखिए, आज भाईदूज है. मेरी बहन थाली लेके बैठी है. सब लोग टाइम पे आना."

मग तो मागे मागे येत, प्रत्येक सीटच्या दांड्यावर बोट टेकवत मोजू लागला. एक, दो, तीन. खाडेसाहेबांनी मुद्दाम सगळ्यात मागची सीट धरली होती. खिडकीपाशी मी, कडेला ते. बोट जवळ येऊ लागलं तसे ते सरळ बसले. गळ्याचं बटण लावलं.

"चालीस," गाइड माझ्यावर येऊन म्हणाला. मग त्यांच्याकडे बोट करून, "इकतालीस. पूरे. चलो!"

बस हलली. खाडेसाहेबांनी श्वास सोडला. "माझ्यावर येऊन पुरे होतात," ते मला म्हणाले.

कुतुबमिनारपाशी मी वर बघून बघून मान अवघडून घेतली, परत आलो, तर बस भरलेली आणि हॉर्न वाजत होता. खाडेसाहेब नव्हते. मी शोधायला मागे वळलो. जुन्या खांबांच्या रांगेत, एका खांबाआड, ते हातात घड्याळ धरून उभे होते. बस दोनशे पावलांवर. पाय दुखत होते असं नाही, रस्ता चुकले होते असंही नाही. हॉर्न पुन्हा वाजला. त्यांनी घड्याळात पाहिलं, आणि मग घाईनं, धापा टाकत असल्यासारखे निघाले. बसमध्ये चढताना "माफ कीजिए," म्हणाले. दुपारच्या आधी हुमायूनच्या कबरीपाशी तेच. एक जाडजूड प्रवासी बायकोला मोठ्यानं म्हणाला, "फिर वही बुड्ढा." गाइडनं आपलं घड्याळ काचेवर टकटक करून दाखवलं.

दुपारी बस तासभर थांबली तेव्हा हिरवळीवर बसून आम्ही भाकरी मोडली. मी सरळ विचारलं, "साहेब, तुम्ही खांबाआड का उभे होता?"

ते चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी हात पुसले आणि कोटाच्या आतल्या खिशातून एक वही काढली. मिलचीच, लांबट, मस्टर आखतो तशी आखलेली. डावीकडे वर्षं, वर ठिकाणं. प्रत्येक चौकटीत मिनिटं. कुतुब, साडेतीन. हुमायून, चार. लाल किल्ला, सहा. आठ वर्षांच्या आठ ओळी, त्यांच्या त्या सुबक, टेकत टेकत काढलेल्या अक्षरात. त्यांच्याखाली नववी ओळ सकाळीच सुरू झाली होती.

"हे काय आहे?"

"थांबतात," ते म्हणाले. "मी आलो नाही तर बस हलत नाही. चाळीस माणसं आत बसलेली असतात, वेगवेगळ्या मुलखांतली. ओळख ना देख. आणि मी येईपर्यंत सगळी थांबतात. किती वेळ थांबतात ते लिहून ठेवतो."

त्यांनी एका चौकटीवर बोट ठेवलं. लाल किल्ला, अकरा.

"त्या वर्षी गाइड वयस्कर होता. तो मला शोधायला आला. आतपर्यंत. 'सोलापूरवाले बाबूजी, सोलापूरवाले बाबूजी' अशी हाक मारत. मी ऐकली. पहिल्याच हाकेला गेलो नाही," ते म्हणाले, आणि जरा शरमले. "तीन हाका होऊ दिल्या."

बादशहाच्या दरबारात मान मिळालेला माणूस ती गोष्ट सांगेल, त्याहून त्यांचा आवाज वेगळा नव्हता. पुढच्या दिवाळीच्या आत ते निवृत्त होणार होते. हातात फंडाचे पैसे येतील, पण प्रवासाचं बळ राहील की नाही कोण जाणे, असं म्हणाले. म्हणजे ही बहुधा शेवटची ओळ होती, आणि तिच्यात अजून लाल किल्ला यायचा होता. "अकराच्या पुढे जाईल असं नाही," ते म्हणाले. "पण बघू."

मी थट्टा करायच्या बेतात होतो, ती गिळली.

लाल किल्ल्यासमोर उतरताना गाइड दारात उभा राहून म्हणाला, "पौना घंटा. जो नहीं आएगा, उसको छोड़ के गाड़ी जाएगी. मज़ाक नहीं कर रहा हूँ." तो आमच्याकडे बघूनच बोलत होता. जाडजूड प्रवासी म्हणाला, "बिलकुल."

मी आतला भाग पाहिला. मयूरासन जिथं होतं असं सांगतात तिथं दोन कावळे होते. पाऊण तासाच्या आत परत आलो. दरवाज्याच्या आतल्या वळणावर, भिंतीला टेकून, खाडेसाहेब आपल्या जागी उभे होते. तिथून बस दिसत नाही पण हॉर्न ऐकू येतो. मी थांबलो. "चला ना, साहेब."

"तुम्ही व्हा पुढं," ते म्हणाले. "हॉर्न होऊ दे."

मी बसमध्ये जाऊन बसलो. दिवस कलला होता, गार वारं सुटलं होतं. बरेच जण शाली पांघरून पेंगत होते. त्यांच्या सीटवर त्यांची पिशवी आणि वर चादर होती. गाइड मोजत मागे येऊ लागला. मला दिसत होतं की तो या वेळी थांबणार नाही. तो चिडेल, जाडजूड माणूस टाळ्या पिटेल, आणि नऊ वर्षांनी शेवटच्या ओळीत शून्य पडेल. सगळ्यांच्या देखत. ते मला बघवणार नव्हतं.

"उनतालीस... चालीस." बोट थांबलं. "वो बाबा?"

चार वर्षं मी पेटीशेजारी बसून जे पाहिलं होतं ते मी केलं. विचार न करता म्हणालो, "हैं. आ गए."

गाइडनं अंधारलेल्या सीटवरच्या चादरीकडे पाहिल्यासारखं केलं. त्याची बहीण ताट घेऊन बसली होती. "इकतालीस. पूरे. चलो!"

माझा हिशेब असा होता, की अजून हॉर्न वाजेल, तो ऐकून ते येतील, आणि दारात कुणाला पत्ता लागायच्या आत मागे येऊन बसतील. मोजणी पुरी झाली की हॉर्न वाजवायला कारण उरत नाही, हे टाइम ऑफिसात चार वर्षं काढलेल्या माणसाला सुचायला हवं होतं. बस सरळ निघाली.

"रोको!" मी ओरडलो. "एक आदमी रह गया!"

"आपने ही तो बोला आ गए!" गाइड ओरडला. पुढे बरीच बोलाचाली झाली. वळणापलीकडच्या चौकात त्यांनी मला दोन पिशव्या आणि दोन चादरींसकट उतरवलं आणि बस गेली. ती चाळिसांची झाली होती की एकोणचाळिसांची, याची कुणी फिकीर केलेली दिसली नाही.

मी जवळजवळ धावतच मागे आलो. ते तिथंच होते, भिंतीला टेकून. आणि खाडेसाहेबांच्या चेहऱ्यावर मी तसं काही आधी कधी पाहिलेलं नव्हतं.

"चौदा," ते म्हणाले. हातात घड्याळ होतं. "चौदा मिनिटं झाली, आणि अजून हॉर्नसुद्धा नाही! आज नुसती वाट बघतायत."

मग त्यांना माझ्या खांद्यावरची त्यांची चादर दिसली.

आमच्या बाजूनं फुगे घेतलेलं एक कुटुंब गेलं.

"बस?"

"गेली."

"मोजणी?"

"पुरी झाली. एकेचाळीस."

त्यांनी घड्याळ मिटून खिशात ठेवलं. तीस-पस्तीस वर्षांचा टाइमकीपर. त्यांना पुढचं विचारायला वेळ लागला नाही.

"बिल्ला कुणी टाकला?"

"मी," मी म्हणालो. "तो सोडून जाणार होता. मला वाटलं..."

"मी सांगितलं होतं?"

"नाही."

"तूच टाकलास. न सांगता."

"हो."

ते दरवाज्यातून बाहेर आले. बस जिथं उभी होती तिथं तेलाचा एक डाग होता. त्याच्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं, पर्यटक एखाद्या स्मारकाकडे पाहतात तसं. मग चांदणी चौकातून आम्ही धर्मशाळेकडे चालू लागलो. प्रत्येक दुकानात दिवे, प्रत्येक दारात मिठाई घेऊन निघालेला कुणी ना कुणी भाऊ. गर्दीत ते दोनदा मागे पडले. मी दोन्ही वेळा थांबलो. त्यांनी घड्याळ काढलं नाही.

धर्मशाळा जवळ आल्यावर ते म्हणाले, "हजारो बिल्ले पडताना ऐकले मी. माझा कुणी कधी टाकला नव्हता." थोडं चालून, "मला तर बिल्लाच नाही," असं त्यांनी स्वतःलाच सांगितलं. मग म्हणाले, "नियम माहीत आहे ना?"

"दोघांचा खाडा."

"दोघांचा," ते म्हणाले. हा शब्द त्यांनी आणखी एकदा उच्चारला.

परतीच्या प्रवासात वही बाहेर आली नाही. लाल किल्ल्याच्या चौकटीत त्यांनी चौदा लिहिलं, शून्य लिहिलं, की ती तशीच ठेवली, हे मला कळलं नाही. पुढच्या श्रावणात ते निवृत्त झाले. निरोपाला हार होता, नारळ होता आणि एका संचालकांचं भाषण होतं, त्यात त्यांचा उल्लेख 'श्री. खाडे' असा झाला. मग ते नातेपुत्याला पुतण्याकडे गेले. जायच्या दिवशी मी स्टँडवर गेलो होतो. एसटी सुटायला वेळ होता, तरी ते सगळ्यांच्या आधी आत जाऊन बसले होते. पुढच्या सीटवर. कंडक्टर मोजत होता, त्याच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. खिडकीतून हात काढून माझ्या मनगटाला नुसतं धरून ठेवलं होतं. दिल्लीबद्दल पुन्हा कधी बोलणं झालं नाही.

दिल्लीहून परतल्यावर मिल सुरू झाली होती, त्या पहिल्या सकाळी मी भोंग्याच्या दहा मिनिटं आधी हजर होतो. पेटीशेजारी त्यांच्या बाजूलाच बसलो होतो. महिनाअखेरीला मस्टर पाहिलं, तर त्या तारखेला शेवटच्या पानावर माझ्या नावापुढे खाडा होता. त्याच्या खाली, जिथं इतकी वर्षं कोरी ओळ होती, तिथं त्यांनी आपलं खरं, पूर्ण नाव लिहिलं होतं आणि त्याच्यापुढेही खाडा मांडला होता. मस्टर वर तपासणीला गेलं. नंबर नसलेलं नाव मस्टरवर चालत नाही, म्हणून मॅनेजरांच्या ऑफिसनं ते लाल शाईनं खोडलं.

माझा खाडा मात्र कायम राहिला.